हरणाच्या शिकारीची शाळा

नोव्हेंबर उजाडला की आमच्या विस्कॉन्सिनमध्ये पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात, चर्चच्या आवारात सगळीकडे भगव्या रंगाची जाकिटं दिसायला लागतात. आपल्याकडून पाहुणे आलेले असले तर त्यांना क्षणभर वाटतं, इथेही एखादी दिंडी निघाली की काय. पण ही माणसं निघालेली असतात हरणाच्या शिकारीला. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. आमच्या राज्यात या हंगामाचे परवाने घेणारे साधारण साडेपाच लाख लोक आहेत.

मी इथे चौदा वर्षं राहते. त्यातली तेरा वर्षं मी या नऊ दिवसांत घराबाहेर कमी पडायचं, एवढंच धोरण ठेवलं होतं. बंदूक हा शब्द आमच्या घरात टीव्हीवरच्या बातम्यांपुरताच यायचा. आज मी तुम्हाला सांगणार आहे ते शिकार शिकवणाऱ्या एका शाळेबद्दल. मी तिथे गेले, माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन गेले, आणि तिथून परत येताना माझी काही मतं पक्की झाली, काही मोडली. तुम्ही शिकारीला जावं असं मी सांगत नाही. माझ्या घरातच त्यावर एकमत नाही, हे शेवटी कळेलच.

सुरुवात एका अपघातापासून झाली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मॅडिसनच्या पश्चिमेला हायवे 14 वरून घरी येत होते. संध्याकाळचे पाच वाजले असतील, पण नोव्हेंबरात तोवर अंधार पडलेला असतो. उजव्या बाजूच्या मक्याच्या शेतातून एक हरीण एकदम रस्त्यावर आलं. ब्रेक दाबेपर्यंत धडक बसली होती. मला काही झालं नाही. गाडीचं तोंड चेपलं. हरणी रस्त्याच्या कडेला पडली होती, आणि ती जिवंत होती. पुढचे पाय हलत होते, मागचे हलत नव्हते. तिची मान वर यायची आणि पुन्हा खाली पडायची.

मी पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत मी गाडीत बसून राहिले. बाहेर जाऊन तिच्याजवळ उभं राहण्याचंही धाडस मला झालं नाही. मग डेप्युटी आला, त्याने मला मागे सरकायला सांगितलं, आणि एका गोळीत तिचा त्रास संपवला. तेवढ्यात मागे थांबलेल्या पिकअपमधून एक बाई उतरल्या. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला हे हरीण हवंय का? नको असेल तर मी नेते." आमच्या राज्यात गाडीखाली मेलेलं हरीण नोंद करून घरी नेता येतं, आणि त्यावर पहिला हक्क धडकणाऱ्या चालकाचा असतो, हे मला तेव्हा कळलं. मी हात जोडले. त्या बाईंनी फोनवरून नोंद केली, हरणी पिकअपमध्ये चढवली, आणि मला म्हणाल्या, "वाया जाऊ द्यायचं नसतं."

मला त्या वाक्याचा राग आला होता. आणि बऱ्याच दिवसांनी मला कळलं की खरा राग माझा माझ्यावरच होता. मी मांसाहारी आहे. दर रविवारी आमच्याकडे मटण असतं. पण माझ्यासमोर एक जनावर मरत होतं, आणि त्याचा त्रास कसा थांबवायचा, थांबवल्यावर त्याचं काय करायचं, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. ते सगळं मी आयुष्यभर दुसऱ्यांवर सोपवलं होतं.

आमच्या शेजारी एक सत्तरी ओलांडलेले आजोबा राहतात. निवृत्त सुतार आहेत, आणि गेली कित्येक वर्षं शिकारीचे स्वयंसेवी शिक्षक आहेत. माझी चेपलेली गाडी बघून त्यांनी चौकशी केली. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला समजावलं नाही की उपदेशही केला नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरात त्यांनी एक कागद आणून दिला. "लर्न टू हंट" नावाच्या कार्यक्रमाचं पत्रक. म्हणाले, "शिकार करायची नसली तरी ये. निदान त्या वीस मिनिटांत काय करायचं ते तरी कळेल."

आता हे कार्यक्रम का भरवले जातात, ते थोडं सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण विस्कॉन्सिनमधून हरणं जवळजवळ नाहीशी झाली होती. बेसुमार शिकार झाली आणि जंगलंही तुटली. मग कायदे झाले, हंगाम ठरले, परवाने आले. दरम्यान लांडगे संपले. 1960 च्या सुमारास या राज्यात लांडगा उरलेला नव्हता, तो पुढे 1970 च्या दशकात शेजारच्या मिनेसोटातून हळूहळू परतला. हरणांना खाणारं कुणी नाही, आणि खायला मका-सोयाबीनची शेतं. आज इथे पंधरा लाखांहून अधिक हरणं आहेत असा सरकारी अंदाज आहे. जंगलात ओकची रोपं वर येऊ देत नाहीत, शेतं खातात, आणि माझ्यासारख्यांच्या गाड्यांसमोर येतात.

इकडे शिकारी मात्र कमी होत चालले आहेत. 2000 साली बंदुकीच्या हंगामाचे जवळपास सात लाख परवाने गेले होते. पूर्वी बापाकडून पोराला, आजोबांकडून नातवाला हे ज्ञान मिळायचं. पोरं शहरात गेली आणि ती साखळी तुटली. वन्यजीव खात्याचा बराचसा खर्च परवान्यांच्या पैशावर आणि बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय करावर चालतो. हा कर 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने आला. म्हणजे शिकारी कमी झाले की जंगल राखण्याचा पैसाही कमी होतो. म्हणून ज्यांच्या घरात कुणीच शिकारी नव्हतं, अशा मोठ्या माणसांना हाताला धरून शिकवायचं, असं ठरलं.

बायकांसाठी अशा शिबिरांची सुरुवात आमच्याच राज्यात झाली, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. स्टीव्हन्स पॉइंटच्या विद्यापीठातल्या प्राध्यापक क्रिस्टीन थॉमस यांनी 1991 मध्ये "बिकमिंग अॅन आउटडोअर्स-वुमन" हा उपक्रम सुरू केला आणि तो पुढे अनेक राज्यांत पसरला. जॉर्जियातल्या अथेन्स गावात 2016 मध्ये "फील्ड टू फोर्क" नावाचा कार्यक्रम सुरू झाला. तिथे आयोजकांनी भाजीबाजारात हरणाच्या मांसाचे नमुने चाखायला ठेवले आणि ज्यांना आवडलं त्यांना विचारलं, स्वतः मिळवायला शिकणार का? आपल्या मंडईत शेंगदाणे चाखायला देतात, तसंच.

पण घरी हा कागद नेला तेव्हा काय झालं ते ऐका. सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या. माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकत नाही. मटण आम्ही त्या असताना गॅरेजमध्ये वेगळ्या शेगडीवर करतो. मुलीने उत्साहाने सांगितलं, "आजी, मी शिकार शिकणार." सासूबाई माझ्याकडे वळल्या. "काय गं, त्या मुक्या जनावरानं तुमचं काय घोडं मारलंय? आन पोरीच्या हातात बंदूक देतीस?" नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. त्याला भीती हरणाची नव्हती. जंगलात, हातात बंदूक घेतलेल्या अनोळखी माणसांमध्ये आपल्या सावळ्या रंगाची मुलगी, ही त्याची भीती होती. दोघांचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, मी तिच्याबरोबर जाते. जिथे पटणार नाही तिथून परत येऊ.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही पोहोचलो. एका शूटिंग रेंजच्या शेजारचं मैदान, एक पत्र्याची शेड, कॉफी, डोनट. पंधरा शिकणारे आणि जवळजवळ तितकेच शिकवणारे. शिकणाऱ्यांत एक नर्स, एक ग्रंथपाल, दोन विद्यार्थी, एक सत्तावीस वर्षांचा स्वयंपाकी. शिकवणाऱ्यांत लाओसमधून आलेल्या ह्मोंग कुटुंबातले एक गृहस्थ होते. विस्कॉन्सिनमध्ये ह्मोंग समाज मोठा आहे आणि त्यांच्यात शिकारीची परंपरा आहे. आम्हाला बघून ते स्वतःहून पुढे आले आणि म्हणाले, "मी पहिल्यांदा जंगलात गेलो तेव्हा मलाही जनावरापेक्षा माणसांची काळजी जास्त होती. जमीन कुणाची आहे ते आधी विचारायचं, परवानगी लेखी घ्यायची, आणि कुणी हटकलं तर वाद न घालता निघून यायचं, खात्याला कळवायचं." नवऱ्याला सांगायला मला काहीतरी मिळालं.

पहिला तास बंदुकीचा, पण बंदूक रिकामी. इथे चार नियम पाठ करून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजूनच हाताळायची. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवायचं. नेम कशावर आहे आणि त्याच्या मागे काय आहे, दोन्हींची खात्री करायची. आणि मारायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर. शेजारचे आजोबा म्हणाले, की 1966 मध्ये या राज्यात दर एक लाख शिकाऱ्यांमागे 44 जखमी व्हायचे. 1967 पासून शिक्षण सुरू झालं, आता तो आकडा सरासरी चारच्या आसपास आहे. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिक्षणाशिवाय परवाना मिळत नाही. फक्त अशा मार्गदर्शकाबरोबरच्या शिकारीत नवख्याला सूट असते, आणि मार्गदर्शक हाताच्या अंतरावरच लागतो.

मग रेंज. आधी लहान पॉइंट टू-टू रायफल, मग मोठी. माझा पहिला अनुभव प्रामाणिकपणे सांगते: हात कापत होते. मुलीचे नव्हते. समोर हरणाच्या आकाराचा फोमचा पुतळा होता, त्यावर हृदय-फुफ्फुसांची जागा आखलेली. हरीण आडवं उभं असेल किंवा किंचित पाठमोरं असेल तरच मारायचं, पुढच्या पायाच्या मागे. समोरून, पळताना, लांबून मारायचं नाही. शिक्षक प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते, "तुझे पाचपैकी पाच नेम किती अंतरावर बसतात? तेवढंच तुझं अंतर." माझं पन्नास यार्ड निघालं, मुलीचं पंचाहत्तर. त्याच्या पलीकडचं हरीण आमचं नव्हेच.

तिसरा तास झाडावरच्या मचाणीचा. मला वाटत होतं शिकारीत माणसं गोळीने दगावतात. पण मचाणीवरून पडूनही बरेच जण कायमचे जायबंदी होतात. म्हणून अंगभर पट्टे असलेला हार्नेस घालायचा आणि पाय जमिनीवर असतानाच दोराला अडकवायचा. चढताना दोन पाय आणि दोन हात यांपैकी तीन कायम शिडीला लागलेले हवेत. बंदूक हातात घेऊन चढायचं नाही. ती रिकामी करून, दोरीला बांधून नंतर वर ओढायची.

जेवणानंतर आम्हाला जंगलाच्या कडेला नेलं. तिथे शिक्षकांनी मक्याच्या पाकात लाल रंग कालवून पानांवर थेंब टाकून ठेवले होते. रक्ताचा माग काढायला शिकायचं. गोळी लागली तरी हरीण बहुतेक वेळा धावतं. घाईने मागे गेलं तर ते आणखी लांब पळतं आणि हाल होऊन मरतं. म्हणून निदान अर्धा तास जागेवरच बसायचं. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुफ्फुस, हरीण जवळच मिळेल. काळपट रक्त आणि त्यात हिरवट कण म्हणजे पोटात लागलं. मग कित्येक तास थांबायचं. प्रत्येक थेंबापाशी टिश्यू पेपरचा तुकडा ठेवायचा, म्हणजे मागे वळून पाहिलं की दिशा कळते. थेंब दिसेनासे झाले तर शेवटच्या तुकड्यापासून गोल फिरत शोधायचं. त्या नर्सने विचारलं, "आणि सापडलंच नाही तर?" शिक्षक थोडं थांबले. म्हणाले, "प्रत्येक शिकाऱ्याच्या मनात असं एक हरीण असतं. म्हणूनच नेमाच्या अंतराबद्दल सकाळी एवढी कटकट केली."

मग शेडमध्ये खरं हरीण. एका शेतकऱ्याला पिकाच्या नुकसानीसाठी मिळालेल्या परवान्यावर ते आदल्या रात्री मारलं होतं. पोट कसं उघडायचं, मूत्राशय आणि कोठा फुटू न देता आतडी कशी बाहेर काढायची, मांस लवकर थंड का करायचं. काहीजण बाहेर जाऊन उभे राहिले, आणि त्यांना कुणी हसलं नाही. मी मात्र पुढे झाले. मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते; अवयव मला अनोळखी नाहीत. पण लॅबमध्ये ते थंड असतात, आणि डब्यात येतात.

इथेच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शिकवली. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, सी.डब्ल्यू.डी. हरणं खंगत खंगत मरतात, असा हा मेंदूचा आजार. 1967 मध्ये कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रात तो पहिल्यांदा दिसला. फेब्रुवारी 2002 मध्ये तो विस्कॉन्सिनमध्ये सापडला, आमच्या घरापासून फार लांब नाही. हा जंतू नाही की विषाणूही नाही. प्रिऑन नावाचं वाकडं झालेलं प्रथिन असतं. ते शिजवून नष्ट होत नाही आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. लागण झालेलं हरीण बरेच महिने धडधाकट दिसतं. माणसाला हा आजार झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, पण लागण असलेलं मांस खाऊ नये असा रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. म्हणून हातमोजे घालायचे, पाठीचा कणा आणि मेंदू कापायचा नाही, हाडं करवतीने न कापता मांस सोडवून घ्यायचं, आणि घशामागच्या लसीका ग्रंथी तपासायला द्यायच्या. आमच्या राज्यात ही तपासणी फुकट होते. त्या ग्रंथी कशा काढायच्या ते त्यांनी दाखवलं. सुपारीएवढ्या दोन गाठी. दुसऱ्या मिनिटाला मी त्या काढून दिल्या. त्या दिवशी मला मिळालेली ती एकमेव शाबासकी.

दिवसाचा शेवट चुलीपाशी. हरणाच्या मांसाला चरबी अगदी कमी, त्यामुळे जास्त शिजवलं की वातड होतं. पातळ पांढरं पटल सोलून काढायचं, मऊ तुकडे झटपट परतायचे, मांडी-खांद्याचे तुकडे मंद आचेवर तासन् तास ठेवायचे. मी डब्यातून कांदा-लसूण मसाला नेला होता. त्या स्वयंपाकी मुलाने त्यात रस्सा केला आणि मला कृती लिहून मागितली. आणखी एक गोष्ट कळली: शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात पसरतात, आणि जंगलात टाकलेली आतडी खाणाऱ्या गरुडांनाही त्याचं विष बाधतं. म्हणून आता बरेच जण तांब्याची गोळी वापरतात. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर हे नक्की लक्षात ठेवा.

ऑक्टोबरच्या मध्यात प्रत्यक्ष शिकारीचा शनिवार-रविवार होता. विस्कॉन्सिनचा हा नैऋत्य भाग हिमनद्यांच्या तावडीतून सुटलेला आहे, त्यामुळे सगळ्या टेकड्या आणि दऱ्या. पहाटे पाचला एका कापडी आडोशात आम्ही तिघं बसलो: शेजारचे आजोबा, मुलगी आणि मी. थंडीने पाय बधिर. दोन तास काही नाही. खारी, पक्षी, पानं गळण्याचा आवाज. आणि मग एक हरणी आली. साठ यार्डांवर, आडवी उभी. मुलीच्या अंतराच्या आत. तिने रायफल टेकवली. मी श्वास रोखला. आणि खरं सांगते, मला वाटत होतं हिने मारू नये, आणि मला हेही वाटत होतं की मारायचं असेल तर लवकर मारावं.

मुलगी नेम धरून थांबली. बराच वेळ थांबली. मग तिने बोट मागे घेतलं, सेफ्टी लावली आणि हळूच म्हणाली, "मागे आकाश आहे." हरणी टेकडीच्या अगदी माथ्यावर उभी होती. तिच्या मागे जमीन नव्हती, गोळी अडवणारं काही नव्हतं. टेकडीपलीकडे शेतघर आहे हे आम्हाला नकाशावर दाखवलं होतं. हरणी माथ्यावरून उतरून निघून गेली. आजोबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, बोलले काही नाहीत. दोन दिवसांत तिला पुन्हा संधी मिळाली नाही.

त्या स्वयंपाकी मुलाला मात्र रविवारी सकाळी एक नर मिळाला. एकाच गोळीत. तो बराच वेळ त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसला होता. आम्ही सगळ्यांनी मिळून ते हरीण साफ केलं, गाठी मी काढल्या, मांसाचे वाटे घातले. त्याने आम्हालाही एक वाटा दिला. पाकिटावर तारीख आणि नमुन्याचा क्रमांक लिहून आम्ही ते फ्रीजरमध्ये ठेवलं. निकालाआधी खायचं नाही, असा नियम होता.

घरी आलो तर सासूबाई दारातच. "मारलंस?" मुलगी म्हणाली, "नाही आजी. मागे आकाश होतं. गोळी कुठे गेली असती कळलं नसतं." सासूबाईंनी तिला शेजारी बसवलं. म्हणाल्या, "आमच्या ज्वारीत काळवीटांचे कळप शिरायचे. रातभर मचाणीवर बसून राखण करायचो. गोफण फिरवताना आमीबी आधी बघायचो, पल्याड कुणाचं पोर तर नाही." मला त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा कळत होतं. सोलापूरकडच्या माळरानावर काळवीट पुष्कळ. 1972 च्या कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. पण पीक गेलं की शेतकऱ्याने पंचनाम्याची वाट बघायची, हेही तितकंच खरं. जाता जाता सांगते, काळवीट हे खरं तर हरीण नव्हे, कुरंग. त्याची शिंगं कायमची असतात. इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची दरवर्षी गळून पडतात. हे नातीने आजीला सांगितलं, आणि गळून पडलेलं एक शिंग दाखवलं.

साधारण दोन आठवड्यांनी निकाल आला. त्या नराला सी.डब्ल्यू.डी. होता. बाहेरून अगदी धष्टपुष्ट दिसणारा. त्या मुलाने सगळ्यांना फोन केले. त्याचा आवाज जड झाला होता. आम्ही पाकीट दुहेरी पिशवीत घालून ठरलेल्या कचऱ्यात दिलं, जंगलात टाकलं नाही. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे ते जनावर फुकटच गेलं."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. लॅबमध्ये असं रोज होतं: नमुना येतो, निदान होतं, आणि ज्याचा नमुना असतो त्याला त्याचा उपयोग होतोच असं नाही. पण पुढच्यांना होतो. त्या टेकडीवर आजार आहे हे आता तिथल्या सगळ्यांना माहीत आहे. ते एक आजारी हरीण आणखी दहांना लागण करणार नाही. आणि न तपासता ते कुणाच्या तरी ताटात गेलं असतं. मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पोरीनं मारलंच, तर मला फोनवर सांगू नको." मी बरं म्हटलं.

आता शेवटी काही कामाच्या गोष्टी, कारण अशा शिबिरांबद्दल आपल्यातले बरेचजण विचारतात.

पहिली: तुम्ही एच-वन किंवा दुसऱ्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला साधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला एक अपवाद आहे. पण हे आपल्या आपण ठरवू नका. रेंजवर हात लावण्याआधीही आयोजकांना आणि वकिलाला विचारा. भारतातून आलेल्या पाहुण्यांना गंमत म्हणून बंदूक हातात देऊ नका.

दुसरी: मांस, कातडं किंवा शिंगं बॅगेत घालून भारतात नेऊ नका. तिथला कायदा कडक आहे आणि कस्टममध्ये "अमेरिकेतलं आहे" हे उत्तर पुरत नाही.

तिसरी, शिकार न करणाऱ्यांसाठी: हंगामात जंगलाजवळ फिरायला जाताना भगवं किंवा झगझगीत गुलाबी जाकीट घाला. 2016 पासून आमच्या राज्यात शिकाऱ्यांनाही गुलाबी चालतो. कुत्र्यालाही घाला. फिरून आल्यावर अंगावर गोचीड नाही ना, ते बघा.

आणि चौथी: नोव्हेंबरात संध्याकाळी गाडी हळू चालवा. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं की लगेच वेग वाढवू नका; मागून दुसरं येत असतं. समोर आलंच तर ब्रेक दाबा, पण गाडी वळवू नका, कारण माणसं जातात ती बहुतेक झाडावर किंवा समोरच्या गाडीवर आदळून.

मी अजून शिकारीला गेलेली नाही. कदाचित जाणारही नाही. मुलगी या वर्षी पुन्हा जाणार आहे, आणि नवरा तिच्याबरोबर जातो म्हणतोय. पण आता जर माझ्या गाडीसमोर तसं काही झालं, तर मी गाडीत बसून राहणार नाही. कुणाला फोन करायचा, किती अंतरावर उभं राहायचं, त्या जनावराला आणखी घाबरवायचं नाही, आणि नंतर त्याचं काय करायचं, हे मला माहीत आहे. सप्टेंबरातल्या त्या शनिवारी मी एवढंच शिकायला गेले होते.

गाडी जपून चालवा.